विमानं मागे, शिपाई पुढे

९ जानेवारी

प्रिय व्याहीबुवा,

सप्रेम नमस्कार.

फोनच करणार होतो. पण मागच्या खेपेला मी विचारलं, "कधी येता?" आणि तुम्ही म्हणालात, "जेवलो, जेवलो." मग अर्धा तास आपण दोघं दोन वेगळ्या विषयांवर फार छान बोललो. कवळ्या घासायच्या यंत्रापुढे सगळी उमेदीची वर्षं घालवल्यावर कान टिकणार कसे! म्हणून पत्र.

तर मुद्द्याचं. आमच्या वाचनालयाच्या दालनात भिंतभर काचेचं कपाट आहे, पूर्वी त्यात नकाशे असत. ग्रंथपालबाई कोटाच्या बाह्या कमी करून घ्यायला दुकानात आल्या होत्या. त्यांनी माझे शिशाचे शिपाई पाहिले आणि म्हणाल्या, "मास्तर, हे असे दोऱ्यांच्या रिळांमागे का दडवलेत? आमच्या कपाटात मांडा." मी म्हटलं, एवढ्या मोठ्या कपाटात माझी पलटण म्हणजे रिकाम्या मैदानात चार कोंबड्या. पण आमचे व्याही लढाऊ विमानांच्या प्रतिकृती करतात, दाताचं कोरीवकाम करणाऱ्या हातांनी, आणि त्यांच्याकडे कपाटांच्या डोक्यावर धूळ खात पडल्यात. दोन्ही एकत्र मांडलं तर? बाई खूश झाल्या.

आता नाही म्हणू नका. तुम्हाला एकट्याला घरात बसून करायचं तरी काय आहे? विहीणबाई असत्या तर त्यांनीच तुम्हाला बाहेर काढलं असतं.

मुलं शहरात मजेत आहेत. बाळ एक दिवसाचं होऊन गेलं तेव्हापासून दोघं जरा गप्प आहेत, पण काळ जाईल तसं सावरतील. हे पत्र लेकच पोस्टात टाकेल. म्हणजे चार दिवस आली आहे इकडे, हवापालट म्हणून.

तुमचा,
मास्तर


१७ जानेवारी

प्रिय मास्तर,

नमस्कार.

पत्र मिळालं. कल्पना चांगली आहे, पण अडचण आहे. माझी विमानं बहात्तरास एक या मापाची आहेत. तुमचे शिपाई करंगळीएवढे. माझा वैमानिक तुमच्या शिपायाशेजारी उभा केला तर जेमतेम त्याच्या मांडीला लागेल. तुमच्या घोडेस्वाराने माझ्या छोट्या विमानाच्या पंखावर पाय ठेवला तर पंख मोडेल असं बघणाऱ्याला वाटेल. बघणाऱ्याला वाटलं की संपलं. कवळीचंही तसंच असतं. बसते ती हिरड्यांवर, पण खरी वाटावी लागते समोरच्याला.

दुसरं म्हणजे तुमच्या लोकांच्या टोपीला पिसं आहेत आणि हातात तलवारी. माझ्या विमानांत बॉम्ब आहेत. युद्ध एक नाही.

कपाटाची लांबी, खोली, उंची कळवा. फळ्या निघतात का तेही. विमानं तीसेक भरतील. चिरंजीवांनी आज दुपारी सगळी खाली काढून पुसली. त्याला सुट्टी आहे.

मुलं मजेत आहेत हे वाचून बरं वाटलं.

आपला,
कवळीवाला


२ फेब्रुवारी

प्रिय व्याहीबुवा,

सप्रेम नमस्कार.

मापं सोबतच्या चिठ्ठीत आहेत. फळ्या निघतात. तोडगा मला कापड बेतताना सुचला. जाड्या माणसाला उभ्या रेघांचं कापड का देतो आपण? डोळ्याला फसवायला! तुमची विमानं मागे आणि वर, मासे धरायच्या पारदर्शक तंगुसाने टांगलेली. माझे शिपाई पुढे, काचेला लागून. लांबचं लहान दिसतं, जवळचं मोठं. कुणाची मांडी आणि कुणाची करंगळी, कुणाला कळणार नाही. युद्धाचं म्हणाल तर ग्रंथपालबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मास्तर, मेलेल्यांना काय फरक पडतो कुठल्या सालात मेले?" बाई भारी आहे.

व्याही, आता दुसरं. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवायचं? लेक चार दिवसांसाठी आलेली नाही. पावसाळ्यापासून इथेच आहे. नोकरी सोडली. दुकानात माझ्या मागे बसून काजं करते. काजं फार सुबक होतात. आणि जावईबापूंना सुट्टी नाही, हे मलाही कळतं. भर जानेवारीत पोटापाण्याचं सोडून विमानं कोण पुसेल?

तुमच्या विहीणबाई जावयांवर फार रागावल्यात. त्यांचं एकच, "बाळ गेलं त्या दिवशी हा माणूस कामावर गेला!" दुसरं काही ऐकूनच घेत नाहीत. मी मध्ये पडलो की मलाच धारेवर धरतात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

मी काय म्हणतो, मांडामांड करायला तुम्ही एकटे कशाला? जावयांना घेऊन या. शिडीवर चढायला कुणी तरुण हवंच. मी लेकीला आणतो. दोघांना एकमेकांशी बोला म्हणून सांगायचं नाही. नुसतं काम द्यायचं.

तुमचा,
मास्तर


११ फेब्रुवारी

प्रिय मास्तर,

नमस्कार.

तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. मला लिहिता आलं नसतं.

तो या हिवाळ्याच्या सुरुवातीला आला. एक बॅग घेऊन. मी विचारलं, "किती दिवस?" तो म्हणाला, "बघू." भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. माझं ऐकणं असं, त्याचं बोलणं तसं. एका घरात आम्ही दोघं कपाटासारखे उभे असतो.

विहीणबाई म्हणतात ते खरं आहे. त्या दिवशी तो कामावर गेला. मी त्याला विचारलं, तिथे जाऊन काय केलंस? मला वाटलं म्हणेल की बसून राहिलो, रडलो. तो म्हणाला, "काम केलं." मग म्हणाला, "दुसरं कुठे जायचं ते कळेना." हे त्यांना सांगू नका. सांगून राग कमी होईलसं वाटत नाही.

विमानं भरायला त्याने मदत केली. पंखांच्या टोकांना कापूस गुंडाळला, चाकं वेगळी ठेवली. मी सांगितलेलं नसताना. तेव्हा येतो आम्ही. महिनाअखेरीला. आशा आहे असं मी लिहीत नाही. शिडी मजबूत आहे का ते तेवढं बघून ठेवा.

आपला,
कवळीवाला


३ मार्च

प्रिय, प्रिय व्याहीबुवा,

साष्टांग नमस्कार!

तुम्ही बसमध्ये बसलात आणि मी वाचनालयात परत गेलो. एकटाच कपाटासमोर उभा राहिलो. काय देखणं झालंय! वर ते चार इंजिनांचं धूड, त्याच्या पोटाखाली दुपंखी पाखरं, आणि पुढे माझे झेंडेकरी, बिगुलवाले. संध्याकाळी दिवा लावला की विमानांच्या सावल्या शिपायांवर पडतात. एक आजोबा नातीला घेऊन आले होते, ती काचेला नाक लावून उभी होती. तिथून हलेना.

पण ते जाऊ दे. तुम्ही पाहिलंत ना? तुम्ही कोपऱ्यात चाकं चिकटवत होतात, तुम्हाला सगळं ऐकू गेलं नसेल म्हणून लिहितो. जावई शिडीवर, लेक खाली.

"तंगूस दे."

"किती?"

"हातभर. नाही, थोडं जास्त."

"डावा पंख खाली गेलाय."

"तुझा डावा की माझा?"

"माझा."

असं दुपारभर! मध्ये खूप वेळ नुसतीच देवाणघेवाण, मग तो काहीतरी हळू बोलला, ती काही बोलली, ते मलाही नीट कळलं नाही. आणि मग ती हसली, व्याही! मोठ्याने. मी एका घोडेस्वाराला बसवत होतो, तो हातातून पडला. शेपूट तुटली घोड्याची. तुटू दे. वर्षभरात ते हसू ऐकलं नव्हतं.

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "हसली म्हणजे काय झालं?" पण कपाळावरची आठी जरा सैल झाली, मी बघितली ना. पाण्यावर काठी मारल्याने पाणी दुभंगत नाही, एवढंच म्हणतो. पुढच्या महिन्यात पुन्हा या. काहीतरी बिघडलंय असं सांगू, शिडी पुन्हा लावू.

तुमचा,
मास्तर


८ मार्च

प्रिय मास्तर,

नमस्कार.

ती हसली हे मला कळलं होतं. ऐकू येत नसलं तरी दिसतं. मलाही तुमच्यासारखंच वाटलं. परतीच्या बसमध्ये मी त्याला विचारलं, "काय मग?" तो काही बोलला. मला ऐकू आलं नाही. मी कान पुढे केला. बसचा आवाज फार होता. त्याला दुसऱ्यांदा मोठ्याने सांगावं लागलं. "आम्ही वेगळे होतोय, बाबा." पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. तो खिडकीबाहेर बघत राहिला. मी टोपी नीट केली.

घरी आल्यावर त्याने कागदावर लिहून दिलं. वकील ठरलाय. दोघांचं मिळून ठरलंय, तिच्यावर कुणी रागावू नये, असंही लिहिलंय.

लेकीने तुम्हाला अजून सांगितलेलं नसावं. तुमच्या पत्रावरून कळतं. हे माझ्या हातून तुम्हाला कळावं असं मला वाटत नव्हतं, पण तुम्ही पुढच्या महिन्याचे बेत करायला लागलात.

घोड्याची शेपूट पाठवा. जोडून देतो.

आपला,
कवळीवाला


२० मार्च

ती. बाबांना,

नमस्कार.

तुमचं पत्र अण्णांनी दुकानात उभ्याउभ्या वाचलं, आणि मग कात्री हातात घेऊन नुसते बसून राहिले. आईशी ते अजून बोललेले नाहीत. मी बोलले. म्हणून आता तुम्हालाही माझ्याच तोंडून कळवते, नाहीतर आम्ही तुम्हा दोघांना फसवलं असं होईल.

आधी ठरवून काही आलो नव्हतो. तो शिडीवर होता, मी खालून विमान धरलं होतं. तो म्हणाला, "आता सोडूया का?" मला वाटलं, विमान. मी म्हटलं, "गाठ बसली का?" तो म्हणाला, "विमान नाही म्हणत मी." मी विमानाखालचा हात बदलला. मग म्हटलं, "हो, सोडूया." तो म्हणाला, "बरं. ते मात्र सोडू नकोस, पडेल." आणि मला हसू आलं. अण्णा सगळ्यांना त्या हसण्याचं सांगत सुटले होते. त्यांना कसं सांगू की मला इतकं हलकं वाटलं म्हणून मी हसले.

तुम्हाला वाटत असेल, एवढं नीट एकत्र काम करता येतं, तर मग का? भांडत होतो तोवर एकमेकांकडून काहीतरी हवं होतं. त्या दिवशी काहीच नको होतं, म्हणून हात एवढे सरळ चालले. तो समोर आला की मला दवाखान्याची ती खोली दिसते. त्यालाही मी आले की तेच दिसत असणार. तो वाईट नाही. आईला मी हे सांगून थकले.

तुम्ही माझ्या वरच्या दाताचा टवका उडाला होता तेव्हा स्वतः बसून तो घासून दिला होतात. आरशात बघितलं की तुमची आठवण येते. अण्णांना पत्र लिहीत राहा. त्यांना दुसरं कुणी नाही.

तुमची,
सून (हे अजून काही महिने तरी लिहिता येईल)


१४ सप्टेंबर

नमस्कार.

मायना काय लिहावा यावर दोन कागद फाडले, म्हणून सोडून दिला. निकाल लागल्याचं तुम्हाला कळलंच असेल. जोडताना आपल्याला व्याही हा केवढा थाटाचा शब्द देतात, तुटल्यावर कुणी काही देत नाही. ही विचारते, "आता ते तुमचे कोण?" मी म्हणतो, ओळखीचे. ती म्हणते, ओळखीच्यांना एवढी पत्रं कुणी लिहीत नाही. ती वाईट नाही हो. तिला तुमचं अक्षर पाकिटावर दिसलं की बाळ गेलं तो दिवस आठवतो. म्हणून यापुढे उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठवा.

मार्चनंतर तुमचं पत्र नाही. मीही लिहिलं नाही. लेकीने लिहा म्हटलं होतं तुम्हाला, मला सांगितलं तिने.

वाचनालयाला कपाट हवंय. तिथे आता संगणक बसवणार आहेत. ग्रंथपालबाईंची बदली झाली, नवे गृहस्थ आहेत, त्यांना या सगळ्याचं काही नाही. "खेळणी केव्हा नेता?" असं विचारलं मला. खेळणी! मी शिपाई आणले. विमानं काढताना तंगूस कापावं लागलं, गाठी इतक्या पक्क्या होत्या की सुटेनात. सगळी सध्या माझ्या दुकानात वरच्या फळीवर आहेत. या आणि घेऊन जा. निदान त्या निमित्ताने एकदा या.

मास्तर


६ ऑक्टोबर

प्रिय मास्तर,

नमस्कार. मी मायना पूर्वीचाच ठेवतो, तुम्ही मास्तर आधीपासून होतात.

पत्र लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. चिरंजीव परदेशी गेला. कंत्राटावर, समुद्रातल्या तेलविहिरीवर. तिथे महिनोनमहिने जमीन दिसत नाही म्हणतात. त्याने तेच बघून नोकरी घेतली असावी. दर आठवड्याला फोन करतो. मी हॅलो म्हणतो, तो काहीतरी बोलतो, मी "बरा आहे" म्हणतो आणि ठेवतो. कधीकधी मला वाटतं, तोही पलीकडे काहीच बोलत नसेल.

येणं जमणार नाही. उजव्या हाताला कंप सुरू झालाय. चाकाला डिंक लावायला गेलो की पंखाला लागतो. सकाळी दाढी करतानाही सांभाळावं लागतं. डॉक्टर म्हणाला, वाढत जाईल. नवीन विमान आता होणे नाही. अर्धवट होतं ते पेटीत भरून माळ्यावर टाकलं.

विमानं तुमच्याकडे राहू द्या. तुमच्या फळीवर निदान कुणाच्या नजरेस तरी पडतील. अडचण झाली तर कळवा.

घोड्याची शेपूट तुम्ही पाठवली नाहीत. आता पाठवू नका.

आपला,
कवळीवाला


२२ फेब्रुवारी

प्रिय कवळीवाले,

नमस्कार.

हे पत्र लिहायला महिना लावला. तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही आणि सांगायला जीभ रेटत नाही.

लेकीचं ठरलं आहे. गृहस्थ शाळेत शिकवतात, त्यांची पहिली पत्नी वारली. शांत माणूस. लेक "हो" म्हणाली. मी विचारलं, "मनापासून?" ती म्हणाली, "अण्णा, तेवढं नका विचारू." बस. पुढे मी विचारलं नाही.

त्यांच्याकडची मंडळी दुकानात येऊन गेली. वर बघून त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "विमानं कुणाची?" मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "कुणी ठेवायला दिली होती. जायचीच आहेत." लेक काजं करत होती. तिने मान वर केली नाही. मला त्या क्षणी बोलायला हवं होतं. काय बोलणार होतो मी? माझ्या व्याह्यांची? माझ्या मित्राची? मित्र म्हटलं असतं तर पुढचे प्रश्न आले असते. गप्प बसलो.

विमानं बसच्या पार्सलने पाठवली आहेत. प्रत्येकाला कापडाच्या कात्रणांत गुंडाळलंय, पंखांना दुहेरी. मोठ्या धुडाला स्वतंत्र खोकं केलंय. शिपाई मीही गुंडाळून पेटीत टाकले. त्यांच्याकडे बघत बसायची सवय मोडलेली बरी.

आणि एक. कसं लिहू? दुकानाच्या पत्त्यावरही आता पत्र नको. लग्नानंतर लेक याच गावात राहणार आहे, जावई... ते गृहस्थ दुकानात येत-जात राहतील. जुन्या घराचं काही समोर येऊ नये असं हिला वाटतं. लेकीला विचारलं तर ती गप्प बसते, म्हणजे तिलाही तेच हवं असेल. पोरीचं एकदा मोडलं, दुसऱ्यांदा माझ्यामुळे काही नको. तुम्ही समजून घ्याल. तुम्ही समजून घेता, हाच तर त्रास आहे.

हाताला जपा.

तुमचा,
मास्तर


५ मार्च

प्रिय मास्तर,

नमस्कार.

नको म्हणालात तरी एवढं एक पत्र पाठवतो. पार्सल पोहोचल्याचं कळवायला हवं, नाहीतर तुम्ही बसस्टँडवर चौकशा करत हिंडाल. लेकीचं लग्न होण्याआधी पोहोचेल अशा बेताने टाकतो आहे. वाचून फाडून टाका.

खोकी पोहोचली. बसवाल्यांनी मोठं खोकं उलटं ठेवलं असावं. चार इंजिनांच्या विमानाचा डावा पंख मुळातून गेला आहे आणि दोन इंजिनं निखळली आहेत. तुमची बांधणी चांगली होती, तुमचा काही दोष नाही. बाकीची मी उघडली नाहीत. उघडून काय करणार, हात चालत नाही. कात्रणांसकट तशीच माळ्यावर चढवायला शेजाऱ्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "काय आहे यात?" मी म्हटलं, काचसामान. ते जपून ठेवतात मग.

लेकीचं ठरलं ते योग्य झालं. हे मी मनापासून लिहितो. चिरंजीवाला मी फोनवर सांगितलं. तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलं नाही.

विहीणबाईंवर रागावू नका. त्या दिवशी दुकानात त्या बोलल्या ते खोटं नव्हतं. ठेवायलाच दिली होती.

तुम्ही दुकानात गप्प बसलात याचं फार मनावर घेऊ नका. मी तिथे असतो तर मीही बसलो असतो.

उत्तराची वाट बघणार नाही, असं शेवटी लिहायचं ठरवून बसलो होतो. या वयात खोटं कशाला लिहू. पोस्टमन दुपारी येतो, तेव्हा मी दारातच असतो, उद्याही असेन. पण तुम्ही लिहू नका.

आपला,
कवळीवाला